चाकांवरचे घर आणि कराचे कोष्टक

व्हॅनमध्ये बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून तिचे फिरते घर करायचे, आणि तेही कमी पैशांत, हा छंद सध्या जगभर जोरात आहे. प्लायवूड कोणते घ्यावे, किती जुनी व्हॅन परवडेल, याचे सल्ले देणारे तर पैशाला पासरी. या गाडीचा सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर मात्र खरी बचत सुताराकडे झालेली दिसत नाही. ती झाली सरकारी कराच्या कोष्टकात. कॅम्पर व्हॅन आज जशी दिसते त्यात प्रवासाच्या हौसेचा वाटा आहेच, पण करवसुली खात्याचा वाटा त्याहून लहान नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ब्रिटनमध्ये सापडतो. तिथे १९४० साली, युद्धाच्या धामधुमीत, खरेदी कर लागू झाला. युद्ध संपले तरी कर राहिला. १९५१ मध्ये मोटारीवर तो घाऊक किमतीच्या ६६.६७ टक्क्यांवर गेला, १९५३ मध्ये ५० टक्क्यांवर उतरला आणि १९५५ मध्ये पुन्हा ६० टक्क्यांवर चढला. मालवाहू व्हॅन हे धंद्याचे साधन, म्हणून तिच्यावरचा बोजा बराच हलका. मग व्हॅन आणि मोटार यांत फरक करायचा कसा? चालकाच्या मागे बाजूला काच बसवली, आत आसने टाकली, की व्हॅनची मोटार झाली आणि कर लागला. लँड रोव्हरला हा धडा लवकर मिळाला. १९४८ मध्ये निघालेली तिची टिकफर्ड बांधणीची प्रवासी आवृत्ती करामुळे इतकी महागली, की घरच्या बाजारात तिला गिऱ्हाईकच मिळेना. पुढे त्याच कंपनीची बारा आसनांची गाडी बस ठरली आणि करातून सुटली. माणसे वाढवली की कर उतरतो, असले तर्कशास्त्र फक्त नियमपुस्तकातच सापडते.

या फटीत कॅम्पर व्हॅन बरोबर बसली. काच आहे, माणसेही बसतात, पण आत झोपायची, रांधायची सोय आहे; म्हणजे ही मोटार नव्हे, फिरते घर. अशा गाडीला खरेदी कर लागत नव्हता. केंट परगण्यातल्या फोकस्टनची मार्टिन वॉल्टर ही कंपनी गाड्यांचे साटे बांधणारी. तिने बेडफर्डच्या छोट्या व्हॅनवर ‘डॉर्मोबाइल’ उभी केली. तिचे छत एका कडेला बिजागरीवर उघडते, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड ताणले जाते आणि वर कापडी झोळीसारख्या दोन शय्या पसरता येतात. खालची आसने आडवी केली की बिछाना. शेगडी आणि कपाट जागच्या जागी पक्के. आजचे हौशी लोक मोकळी, हवी तेव्हा काढता येणारी मांडणी पसंत करतात. त्या काळी मात्र सामान गाडीला घट्ट जखडलेले असणे हाच घरपणाचा दाखला होता. आत ओटा ठोकायला जो खर्च येई, त्याहून वाचलेला कर मोठा असू शकत असे. सिडमथच्या डेव्हन कंपनीसारखे कारखाने १९५६ नंतर फोक्सवॅगनच्या व्हॅनवर असेच काम करू लागले आणि त्यांचा धंदा वाढत गेला.

यावर पहिला आक्षेप जर्मनीकडून येईल, आणि तो रास्त आहे. फोक्सवॅगनची व्हॅन १९५० मध्ये बाजारात आली आणि वर्षभरात वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. त्यामागे ब्रिटिश कर नव्हता. युद्धाने पिळून निघालेल्या देशातल्या लहान व्यापाऱ्याला दोन गाड्या परवडत नव्हत्या. सोमवार ते शुक्रवार माल वाहायचा आणि शनिवारी तीच पेटी आत चढवून सहलीला निघायचे, असा तो बेत. काटकसरीची ही वेगळी वाट मान्यच केली पाहिजे. पण दोन्हीकडच्या वस्तू शेजारी ठेवून पाहा: जिथे गरज दुहेरी वापराची, तिथे पेटी सुटी, जिथे करमाफी हवी, तिथे फर्निचर पक्के. हौस दोन्हीकडे सारखीच होती. आकार ठरवला तो पैशाच्या हिशेबाने.

अमेरिकेतली गोष्ट याहून गमतीची आहे. युरोपातल्या सामाईक बाजाराने १९६२ मध्ये अमेरिकेच्या स्वस्त कोंबड्यांवर जबर जकात बसवली. उत्तर म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचे पिष्ट, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के जकात जाहीर केली. ट्रकच्या कलमाचा रोख फोक्सवॅगनवर होता. मालवाहू व्हॅन आणि पिकअप मार खाऊन गेल्या. खिडक्या-आसनांची बस आणि कॅम्पर मात्र माणसे वाहणाऱ्या गाड्यांत धरल्या गेल्या आणि वाचल्या. साठीच्या दशकातल्या मुक्त तरुणाईचे प्रतीक म्हणून जी गाडी भिंतीवरच्या चित्रांत झळकते, तिच्या वाट्याला आलेल्या या सवलतीचे मूळ कोंबडीच्या भांडणात आहे! बाकीच्या जकाती पुढे गेल्या, ट्रकवरची राहिली. सुबारूने आपल्या छोट्या पिकअपच्या हौद्यात उलट्या तोंडाची दोन प्लॅस्टिकची आसने बसवून तिला प्रवासी गाडी ठरवले. फोर्डने तुर्कस्तानातून व्हॅन मागच्या आसनांसह आणून अमेरिकी बंदरात ती आसने काढून टाकली. त्या प्रकरणात २०२४ मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली.

दुसरा आक्षेप असा, की सारे करावरच अवलंबून होते तर १९७३ मध्ये ब्रिटनने खरेदी कर रद्द करून १० टक्के मूल्यवर्धित कर आणला, तेव्हा ही गाडी संपायला हवी होती. ती संपली नाही, हे खरे. पण फिरते घरही करात आले आणि कारखान्यातल्या तयार गाडीचा मोठा फायदा गेला. त्याच वर्षी तेलसंकट आल्याने सगळे खापर करावर फोडता येत नाही. तरीही स्वस्ताईचा शोध त्यानंतर जुनी व्हॅन घेऊन घरीच हत्यार हाती धरण्याकडे अधिक वळला, आणि आज आपण ज्याला स्वस्त रूपांतर म्हणतो ते बरेचसे त्यातूनच आले आहे. वर्गवारीचा तिढा मात्र सुटलेला नाही: २०१९ पासून ब्रिटनचे वाहन नोंदणी खाते आतल्या बिछान्याइतकेच बाहेरून गाडी कशी दिसते हे पाहते, आणि घरी केलेल्या कित्येक गाड्या कागदावर व्हॅनच राहतात.

या गाड्यांचा आपल्याकडे आलेला काफिलाही कागदाला बांधलेलाच होता. इस्तंबूल, तेहरान, काबूल करत युरोपातले तरुण गोव्याला पोहोचत, ते ‘कार्ने’ नावाच्या जकात-हमीवर. गाडी देशाबाहेर परत नेली नाही तर जकात भरणे भाग. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातली सोव्हिएत फौज यांनी ती वाट बंद केली. आज महाराष्ट्रात २०२१ पासून कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आहे आणि घरच्या घरी व्हॅन सजवण्याची उमेदही दिसते. पण मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. तेव्हा पैसे वाचवायचे असतील, तर सुताराला बोलावण्याआधी आरटीओत जाऊन काय चालते आणि काय चालत नाही ते विचारून या.