क्रिकेटची बॅट आणि आपली हत्यारे

स्मरणिकेच्या संपादकमंडळाने यंदा मजकडे इतिहासविषयक लेखाची मागणी केली, तेव्हा ज्ञातीच्या उत्पत्तीविषयी अथवा आपल्या पूर्वजांनी उभारलेल्या वाड्यांविषयी मी काही लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय मजपेक्षा अधिकारी ज्ञातिबांधवांनी मागील अंकांतून हाताळलेले आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उभ्या हयातीत प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला मनुष्य. परंतु सेवानिवृत्तीनंतर मला एक छंद जडला, आणि त्या छंदापायी एका वस्तूचा इतिहास चाळणे भाग पडले. ती वस्तू लाकडाची आहे, हाताने घडते आणि सुताराच्याच हत्यारांनी घडते. ती म्हणजे क्रिकेटची बॅट. तेव्हा हा विषय आपल्या स्मरणिकेत अगदीच उपरा ठरू नये.

छंदाचे मूळ सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने प्रथम वेस्ट इंडिजला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरविले. आमच्या गावात त्या वेळी दोनच ट्रान्झिस्टर होते; परंतु ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात क्रिकेट खेळणारी मुले किती होती याची गणती नाही. माझे वडील (आम्ही त्यांस आबा म्हणत असू) गावचे सुतार. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाके ही त्यांची कामे. मी हट्ट धरला म्हणून त्यांनी वर्तमानपत्रातील एक छायाचित्र डोळ्यांसमोर धरून आंब्याच्या फळीतून मला बॅट करून दिली. मूठ आणि पाते एकाच लाकडाचे. खरी बॅट त्यांनी कधी हाती घेतलेली नव्हती.

पुढे तालुक्याच्या गावी हायस्कुलात गेलो तेव्हा ती बॅट बरोबर नेली. तेथील मुलांजवळ दुकानातली बॅट होती. माझी बॅट जड. चेंडू लागताच कोपरापर्यंत झिणझिण्या येत. मुले हसली. त्या सायंकाळी मी ती मैदानाच्या कुंपणापाशी जाणूनबुजून टाकून दिली आणि घरी येऊन ‘चोरीला गेली’ असे सांगितले. आबा म्हणाले, ‘‘जाऊ दे, दुसरी करू. पर त्या पोरांची बॅट एकदा आणून दाव मला. कंच्या लाकडाची असती, बघतो.’’ ती बॅट मी कधीच आणून दाखविली नाही. आबांनी एकदोनदा आठवण केली, मग तो विषय राहून गेला. आज आबा नाहीत. त्यांच्या हत्यारांची पेटी माझ्याकडे आली ती माझ्या निवृत्तीपर्यंत माळ्यावर होती.

आता इतिहासाकडे वळतो.

आरंभीची बॅट आजच्यासारखी सरळ नव्हती. तिचे टोक हॉकीच्या काठीप्रमाणे पुढे वळलेले असे. कारण साधे आहे. त्या काळी चेंडू जमिनीवरून सरपटत टाकीत. सरपटत येणाऱ्या वस्तूस मारावयाचे तर टोकाशी जड आणि वाकडी काठीच सोयीची. आजवर टिकून राहिलेली सर्वांत जुनी बॅट १७२९ सालची असून ती लंडन येथील ओव्हल मैदानाच्या संग्रहात आहे. वाडेकरांच्या संघाने इंग्लंडवरील तो विजय मिळविला तेच हे मैदान.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमारास गोलंदाज चेंडूस टप्पा देऊ लागले. टप्पा पडून उसळणारा चेंडू वाकड्या काठीने खेळता येईना. यातून सरळ बॅट जन्मास आली, आणि तिचे श्रेय सामान्यतः जॉन स्मॉल या इंग्लिश कारागिरास दिले जाते. स्मॉलचा जन्म १७३७ चा, मृत्यू १८२६ चा. इंग्लंडच्या दक्षिणेकडील पीटर्सफील्ड या गावी तो राहत असे. मूळचा धंदा चांभाराचा. पुढे चेंडू व बॅटी करू लागला. हॅम्बल्डन या गावच्या प्रसिद्ध क्लबाचा तो नामांकित फलंदाजही होता आणि १७७५ साली त्याने केलेल्या १३६ धावा हे मोठ्या सामन्यांतील ज्ञात असलेले पहिले शतक होय. त्याच वर्षी त्याच्या यष्टींमधून, तेव्हा त्या दोनच असत, चेंडू तीन वेळा आरपार गेला आणि तो बाद ठरला नाही. त्यावरून तिसरी यष्टी आली. हा गृहस्थ सारंगीसारखे वाजणारे व्हायोलिनही वाजवी. डॉर्सेटच्या ड्यूकने त्याचे वादन ऐकून त्यास एक व्हायोलिन भेट पाठविले व पाठवणावळ स्वतः भरली. स्मॉलने उलट टपाली काय करावे? आपल्या हातच्या बॅटी आणि चेंडू ड्यूकला पाठविले, आणि पाठवणावळ त्यानेही स्वतःच भरली. हकीकत लहान आहे, परंतु कारागिराचा ताठ कणा दाखविणारी आहे. मला ती फार आवडते.

बॅटीच्या रुंदीचा नियमही याच हॅम्बल्डनचा. १७७१ च्या सप्टेंबरात चर्टसी संघाचा व्हाइट नावाचा खेळाडू विकेटीइतकी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला. चेंडू यष्टीस लागावा कोठून? हॅम्बल्डनच्या मंडळींनी दोनच दिवसांत लेखी ठराव केला की बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक असू नये. त्या कागदावर जॉन स्मॉलचीही सही आहे. पुढे हे माप तपासण्यासाठी लोखंडी साचाच करून ठेवण्यात आला. अडीचशे वर्षे लोटली, साम्राज्ये बुडाली, परंतु ते सव्वाचार इंच अद्याप कायम आहेत. आजच्या नियमात ते १०८ मिलिमीटर असे लिहितात, इतकाच फरक. माझ्या कामाच्या पाटावरही मी पत्र्याचा तेवढ्याच मापाचा एक साचा करून टांगला आहे. लांबीची मर्यादा, म्हणजे ३८ इंच, १८३५ सालची आहे.

येथवर बॅट एकाच लाकडाची होती. मूठ आणि पाते अखंड. एकोणिसाव्या शतकात गोलंदाजाचा हात हळूहळू वर चढला. १८३५ मध्ये खांद्यापर्यंतच्या आणि १८६४ मध्ये खांद्यावरून फिरविलेल्या हातास मान्यता मिळाली. चेंडूचा वेग वाढला, उसळी वाढली, आणि अखंड लाकडाच्या बॅटी मुठीपाशी मोडू लागल्या. न मोडल्या तर खेळणाऱ्याच्या हातास झिणझिण्या आणू लागल्या. तेव्हा कारागिरांनी मूठ वेगळी करून पात्यात पाचरीसारखी बसविण्यास आरंभ केला. १८५० नंतर मुठीसाठी वेत आला. नॉटिंगहॅमच्या टॉमस निक्सन याचे नाव या संबंधात घेतले जाते. आजच्या निमुळत्या सांध्याचे श्रेय चार्ल्स रिचर्डसन यास देतात. हा ब्रुनेल या थोर अभियंत्याचा शिष्य आणि सेव्हर्न नदीखालील रेल्वेबोगद्याचा पहिला मुख्य अभियंता. नदीखालून बोगदा काढणाऱ्या माणसाने बॅटीच्या सांध्यात डोके घालावे, याचे आपल्या मंडळींस नवल वाटू नये. सांधा हा सांधाच.

लाकूड विलोचे. आपल्याकडे ओढ्याकाठी जो वाळुंज वाढतो तो याच कुळातला; मात्र बॅटीस लागतो तो इंग्लंडातील पांढऱ्या विलोचा एक विशिष्ट प्रकार. पाणथळ जागी त्याची फांदी रोवतात आणि सुमारे पंधरा ते वीस वर्षांनी झाड तोडतात. ओंडक्याचे बॅटीच्या पात्याएवढे तुकडे करून ते पाचरी ठोकून फोडतात, म्हणजे लाकूड आपल्या रेषेनेच दुभंगते. अशा फोडलेल्या तुकड्यास क्लेफ्ट म्हणतात. हे लाकूड हलके असते, मऊ असते, तरी चिवट असते. रुळाखाली दाबले की पृष्ठभाग घट्ट होतो आणि आतला भाग लवचीक राहतो. सागवान टिकाऊ खरे, परंतु येथे त्याचा उपयोग नाही.

हिंदुस्थानात खेळ इंग्रजांबरोबर आला. मुंबईच्या पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्लब काढला. पुढे पंजाबातील सियालकोट हे क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र झाले. १९४७ च्या फाळणीत तेथील अनेक हिंदू व्यावसायिक आणि कारागीर जालंदर व मेरठ येथे आले आणि रिकाम्या हातांनी पुन्हा धंदा उभारला. काश्मीर खोऱ्यात विलो होताच. श्रीनगरहून जम्मूकडे जाणाऱ्या रस्त्यावर संगम, हलमुल्ला या गावांच्या आसपास बॅटींचे कारखाने आहेत आणि बाहेर फोडलेल्या लाकडाच्या राशी वाळत असतात. कच्चे लाकूड बाहेर जाऊन कामगारांचा रोजगार बुडू नये म्हणून सन २००० मध्ये त्या राज्याने विलो बाहेर नेण्यास बंदी करणारा कायदा केला. अलीकडे लवकर वाढणाऱ्या पॉपलरने तेथील विलोची जागा घेतल्याच्या तक्रारी ऐकू येतात.

जाता जाता आणखी एक गोष्ट. १९७९ च्या डिसेंबरात पर्थ येथे डेनिस लिली हा ऑस्ट्रेलियन गोलंदाज चक्क ॲल्युमिनियमची बॅट घेऊन खेळावयास आला. इंग्लंडच्या कर्णधाराने हरकत घेतली, लिलीने ती बॅट फेकून दिली, आणि पुढील वर्षी पाते लाकडाचेच असावे असा नियम झाला. जगात बहुतेक ठिकाणी कायद्याने सुताराची भाकरी काढून घेतली. येथे निदान एकदा तो सुताराच्या बाजूने उभा राहिला! २०१७ पासून कडेची जाडी ४० मिलिमीटर व एकंदर खोली ६७ मिलिमीटर अशीही मर्यादा घातलेली आहे.

आता माझ्या स्वतःच्या खटपटीविषयी. निवृत्तीनंतर नातवाची मोडकी बॅट दुरुस्तीस घेतली. मूठ सांध्यापाशी मोडली होती. ती उकलून पाहिली तेव्हा मी थक्क झालो. आत ना खिळा, ना स्क्रू. इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे कापलेली खाच, तीत निमुळती होत गेलेली मूठ, आणि मधे सरस. मूठही एका वेताची नव्हे. वेताच्या कांबी एकमेकींस चिकटवून त्यांच्या मध्ये रबराच्या पट्ट्या घातलेल्या. चेंडूचा धक्का हातापर्यंत पोहोचण्याआधी त्या वेतात आणि रबरात जिरतो.

आबांची पेटी माळ्यावरून काढली. पटाश्या गंजल्या होत्या. रंध्याचे पाते धार धरीना. माझा पुतण्या फर्निचरचा धंदा करतो. त्याच्याकडे सारी यंत्रे, परंतु त्याने मला आठ दिवस केवळ धार लावण्यास शिकविले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी सुताराचा मुलगा दगडावर पटाशी घासण्यास शिकत होता, हे येथे लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहितो. पहिल्या सांध्यात मी फट ठेवली आणि ती सरसाने भरू लागलो. पुतण्या म्हणाला, ‘‘तात्या, फट सरसानं बुजत नसती. परत कापा.’’ चार वेळा कापले. आम्हां शिक्षकांस चुकीवर तांबडी रेघ ओढून पुढे जाण्याची सवय. लाकूड पुढे जाऊ देत नाही.

मेरठच्या एका व्यापाऱ्याकडून इंग्लिश विलोचा, रुळाखाली दाब दिलेला एक क्लेफ्ट मागविला. तो रंध्याने व दोन मुठींच्या सुरीने घडविताना मला एक गोष्ट हळूहळू उमगली. पाठीचा फुगवटा कोठे ठेवावा याचा मी आठवडाभर विचार करीत होतो. कडा फार खाल्ल्या तर पाते पिचते, पोट फार ठेवले तर वजन उतरत नाही. चेंडू बहुधा जेथे लागतो तेथे, खालच्या टोकापासून वीतभरच्या आसपास, लाकूड अधिक हवे. आबांच्या बॅटीचा फुगवटा अगदी तेथेच होता. मला तो हाताने आठवतो. केवळ छायाचित्र पाहून, पाठीची बाजू त्यात दिसत नसतानाही, त्यांनी तो तेथे ठेवला होता, कारण कुऱ्हाडीचा आणि मोगरीचा तोल त्यांस ठाऊक होता.

त्यांच्या हातात उणे काही नव्हते. उणे होते ते विलोचे लाकूड आणि वेताची मूठ. त्यांनी केलेली बॅट सुमारे १८३० सालची बॅट होती. जॉन स्मॉलच्या दुकानात ती कोणासही परकी वाटली नसती. ज्या झिणझिण्यांनी मला मुलांसमोर लाज आणली त्या इंग्लंडच्या खेळाडूंनीही सोसल्या आणि त्यांच्या कारागिरांनी सांधा शोधून काढला, कारण त्यांच्यासमोर मोडलेली बॅट परत आणून ठेवणारा कोणीतरी होता. आबांनी तर बॅट एकदा आणून दाखव, इतकेच मागितले होते. ती बॅट उकलून त्यांनी तो सांधा एका दुपारी पाहिला असता, आणि मला खात्री आहे की चार वेळा कापावा लागला नसता.

विलोची बॅट गेल्या दिवाळीपूर्वी पुरी झाली. काचकागदाने घासली, जवसाचे तेल पाजले, आणि महिनाभर रोज लाकडी मोगरीने हलके ठोकून पाते मुरविले. वजन दोन पौंड नऊ औंस. नातू तिने खेळतो. ती किंचित उजवीकडे झुकते असे म्हणतो, आणि ते खरे आहे.

त्यानंतर मी आंब्याची एक जुनी फळी शोधून तिचे पाते घडविले आणि त्यात वेताची मूठ तसाच सांधा काढून बसविली. पाते शक्य तितके खरवडले, तरी वजन तीन पौंड अकरा औंस भरले. परवा अंगणात नातवास चेंडू टाकावयास सांगून मी स्वतः तिने खेळून पाहिले. हातास झिणझिण्या आल्या. परंतु त्या मनगटापाशी थांबल्या, कोपरापर्यंत गेल्या नाहीत.