वयानुसार लावलेली कुटुंबं: बीआरसीए१ची गोष्ट

पीएचडीच्या तयारीत असाल, तर ही गोष्ट ऐकाच.

१९७१ मध्ये अल्फ्रेड नडसन यांनी डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमावर एक साधा हिशेब मांडला. ट्यूमर दडपणाऱ्या जनुकाच्या पेशीत दोन प्रती असतात. दोन्ही बिघडल्या की ब्रेक निकामी. ज्याला एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळाली, त्याचा निम्मा रस्ता आधीच कापलेला. म्हणून आनुवंशिक कर्करोग लवकर दिसतो.

आता स्तनाच्या कर्करोगाकडे या. तो एखाद्या जनुकातून घराण्यात उतरतो, हे तेव्हा बहुतेकांना पटत नव्हतं. मेरी-क्लेअर किंग मात्र वर्षानुवर्षं त्यामागे होत्या. २३ कुटुंबं, १४६ रुग्ण. सगळी एकत्र घेतली तर चित्र धूसर. मग कुटुंबं रोगाच्या सरासरी वयानुसार लावली आणि धुकं हटलं! कमी वयात रोग झालेल्या कुटुंबांत १७व्या गुणसूत्राशी नातं दिसलं: लॉड स्कोअर ५.९८, जिथे ३ पुरेसा मानतात. उशिरा रोग झालेल्यांत काहीच नाही. साल १९९०.

प्रत्यक्ष जनुक १९९४ मध्ये मार्क स्कोल्निक यांच्या गटाने वेगळं केलं. बीआरसीए१ तुटलेला डीएनए दुरुस्त करायला मदत करतं. पण शोधायचं कुठे, हे किंग यांनी दाखवलं होतं.

तुमच्या डेटात सिग्नल दिसत नाहीये? दोन वेगळे आजार एकाच गठ्ठ्यात बांधले नाहीत ना, ते बघा. मात्र गठ्ठा सोडताना जीवशास्त्रातलं कारण हवं. आकडे जुळेपर्यंत कापत बसणं म्हणजे संशोधन नव्हे.