मांत्रिकाचे आरंभीचे भांडवल

ऑनलाइन खेळांत मांत्रिकाचे पात्र उभे करणाऱ्याला बुद्धीचे माप भरभरून घ्यावे, हे शिकवावे लागत नाही; परंतु त्या बुद्धीची किंमत शरीराच्या कोणत्या खात्यातून वळती करून घ्यायची, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक रचनाकाराने निराळे दिले, आणि म्हणूनच मांत्रिकाच्या गुणविभागणीचा इतिहास हा मला प्राधान्याने त्याच्या दुर्बल देहाचा इतिहास वाटतो.

या परंपरेच्या मुळाशी फाशांचे दान होते. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावातून गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा घरात बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा बल, बुद्धी, प्रज्ञा, काटकपणा, चापल्य आणि प्रभाव या सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकले जात आणि ३ पासून १८ पर्यंत जो अंक पडेल तो खेळाडूने निमूटपणे मान्य करावा, असा शिरस्ता होता. १५ वा त्याहून अधिक बुद्धी लाभलेल्या मांत्रिकाच्या अनुभवात दहा टक्के भर पडे. किती मंत्र टाकता येतील हे मात्र त्याच्या पायरीवर ठरे.

दैवाच्या हातचा हा अधिकार खेळाडूच्या स्वाधीन करणाऱ्यांत अमेरिकन रचनाकार स्टीव्ह जॅक्सन यांचे स्थान फार वरचे आहे. १९७८ च्या त्यांच्या ‘विझार्ड’ या खेळात बल, चापल्य व बुद्धी या तिन्हींना मिळून ३२ अंक असत आणि प्रत्येकास किमान ८ देणे बंधनकारक असल्यामुळे मनासारखे वाटावयास हाती उरत ते अवघे ८. मंत्र टाकला की त्याचा खर्च बलातून वसूल होई, तो सिद्ध झाला की फसला याचा निवाडा चापल्यावर फासे टाकून होई, आणि बुद्धी केवळ कोणते व किती मंत्र अवगत आहेत एवढेच सांगे. परिणामी, सारे भांडवल बुद्धीत ओतलेला मांत्रिक पुष्कळ जाणणारा, परंतु दोन-चार मंत्रांतच गळून जाणारा निघे. इतक्या थोड्या अंकांत इतका खरा पेच मांडणारी दुसरी रचना माझ्या पाहण्यात नाही. योगायोग असा की, त्याच वर्षी इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी आरंभिलेल्या आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी वाढविलेल्या ‘मड’ या अनेकांनी एकत्र खेळावयाच्या संगणकीय खेळात मांत्रिकपद आरंभी मिळतच नसे. ते अंक साठवून अखेरीस गाठावयाचे पद होते.

ऑनलाइन खेळांत या विभागणीला खरे गांभीर्य आले ते माझ्या मते २ नोव्हेंबर १९९९ रोजी टर्बाइन या कंपनीने सिद्ध केलेल्या ‘अ‍ॅशरन्स कॉल’ मध्ये. तेथे बल, सहनशक्ती, हस्तकौशल्य, वेग, एकाग्रता आणि आत्मबल या सहा गुणांना मिळून ३३० अंक मंजूर असत व प्रत्येक गुण १० च्या खाली किंवा १०० च्या वर नेण्यास मुभा नसे. त्यामुळे ज्याला तीन गुण पूर्ण शंभर हवेत त्याला उरलेले तीन दहावर ठेवणे भाग पडे, आणि हिशेब ३३० वर नेमका मिळे. मंत्रकौशल्य एकाग्रता व आत्मबल यांच्या बेरजेवर अवलंबून असल्याने मांत्रिकाची दोन शंभरे ठरलेलीच असत. परंतु प्राणशक्ती सहनशक्तीच्या निम्मी धरली जाई, म्हणजे सहनशक्ती १० ठेवणारा मांत्रिक अवघ्या ५ प्राणांशांनिशी जगात पाऊल टाकी आणि पहिल्याच श्वापदाच्या एखाद-दुसऱ्या फटक्यात गतप्राण होई. बल १० ठेवणाऱ्याची गत याहून फारशी बरी नव्हती, कारण मंत्रासाठी लागणारी सामग्री त्याला स्वतःच वाहून न्यावी लागे आणि भार पेलण्याची मर्यादा बलावर ठरे. अनुभव खर्चून गुण वाढविता येत, तरी प्रत्येक गुणात जास्तीत जास्त १९० चीच भर मान्य असल्यामुळे, १० वर आरंभ करणारा २०० वर थांबे आणि शंभरवाला २९० पर्यंत जाई. आरंभीच्या क्षणी पडलेले ९० चे अंतर अशा रीतीने अखेरपर्यंत कायम राही.

कोरियातील ग्रॅव्हिटी कंपनीच्या २००२ च्या ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ ने हाच पेच चित्ररूपाने मांडला. पात्र निर्माण करताना पडद्यावर एक षट्कोन दिसे. सहाही गुण ५ वर असत, आणि एका टोकाचा अंक वाढविला की समोरच्या टोकाचा तेवढाच घटे. बुद्धीसमोर बल, चापल्यासमोर नशीब आणि हस्तकौशल्यासमोर जीवट होते. मांत्रिक बुद्धी ९ करून बल १ वर आणी. पण अनुभवी खेळाडू त्याच निश्चयाने हस्तकौशल्यही ९ करीत, कारण मंत्रोच्चाराचा अवधी त्या गुणाने घटे, आणि त्या काळच्या नियमांनुसार तो गुण १५० ला पोहोचला की बहुतेक मंत्र तत्क्षणी सुटत. भारतातही हा खेळ काही वर्षे अधिकृतपणे चालविला जात होता, आणि येथील कित्येक तरुणांना या प्रकारच्या हिशेबाची पहिली ओळख त्या षट्कोनानेच झाली असावी.

पुढे ही प्रथा ओसरली. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ने खेळाडूला आरंभी गुण वाटण्याचा अधिकार दिलाच नाही, आणि २००५ च्या ‘गिल्ड वॉर्स’ ने वाटणी ठेवली, पण तीत नंतर फेरफार करण्याची मुभा दिली. सोय वाढली हे निर्विवाद. तथापि, ज्या निर्णयापायी खेळाडू तासन् तास कागदावर बेरजा मांडीत, त्या निर्णयाचे वजन नाहीसे झाले, याची खंत मला आजही वाटते.

२००६ साली टर्बाइननेच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ काढून जुना हिशेब पुन्हा दप्तरी दाखल केला. तेथे सामान्यतः २८ अंक मिळत. मानववंशीय मांत्रिकाला बुद्धी ८ वरून १८ वर नेण्यास त्यांतले १६ खर्ची पडत, आणि उरलेल्या १२ मध्ये चापल्य व काटकपणा प्रत्येकी १४ केले की बलासाठी काहीही शिल्लक राहत नसे.