आगबोटीवरचा शेजार

दिवाळीच्या फराळाला जायचे म्हणून आपण वर्षातून एकदा शेजाऱ्याच्या घरात पार आतल्या खोलीपर्यंत जातो. एरवी आपला व्यवहार उंबऱ्यावरचा. विरजण मागितले, पोस्टमनने चुकून दिलेले पत्र पोचते केले, की परत. फराळाच्या दिवशी मात्र चकलीची बशी हातात येते आणि नजर हळूच घरभर फिरू लागते. यांनी पडदे नवे केलेले दिसतात, कपाट इकडे हलवले वाटते, थोरल्या मुलाचा फोटो भिंतीवर आला. या पाहण्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, कारण आपल्याला बोलावलेले असते.

समुद्रावर सहलीसाठी निघणाऱ्या ज्या मोठाल्या बोटी आहेत, ज्यांना क्रूझ म्हणतात, त्यांवर उतारूंनी अशीच एक रीत पाडली आहे. आठदहा हौशी कुटुंबे आपसात ठरवतात की अमुक दिवशी, अमुक वाजता, आपण एकमेकांच्या केबिनी पाहायच्या. कुणीतरी एक जण पुढाकार घेऊन यादी करतो. कुणाची केबिन बोटीच्या पोटात बिनखिडकीची, कुणाची गोल काचेची, कुणाची सज्जाची, कुणा भाग्यवंताची दोन दालनांची. मग वरच्या मजल्यापासून खाली उतरत सारी मंडळी दारोदार जातात. यजमान दारात उभा राहतो, पाहुणे पलंगाखालच्या जागेचे कौतुक करतात, न्हाणीघरात एकेक जण डोकावून येतो, आणि पुढच्या दाराकडे वळतात. ऐकताना हे पोरकट वाटते. पण ज्या बोटीवर हजारो माणसे असतात आणि कुणी कुणाला ओळखत नाही, तिथे चार दारे उघडणे ही लहान गोष्ट नव्हे. या उघडण्याला मोठा इतिहास आहे, आणि त्याआधी न उघडण्याचाही.

आरंभीच्या आगबोटींवर मुळात दाखवण्यासारखे काही नसे. इंग्लंडहून अमेरिकेला नेमाने जाणाऱ्या क्युनार्ड कंपनीची पहिली बोट ‘ब्रिटानिया’ १८४० साली सुरू झाली. तिच्यावर शंभरसव्वाशे उतारूंची सोय होती आणि दुधासाठी एक गाय बरोबर नेली जाई. ४ जानेवारी १८४२ या दिवशी लिव्हरपूलहून चार्ल्स डिकन्स सपत्नीक या बोटीने निघाला. लंडनला एजंटाच्या कचेरीत त्याने बोटीचे छापील चित्र पाहिले होते, आणि त्यावरून नवराबायकोंनी कितीतरी मनोरथ रचले होते. प्रत्यक्षात समोर आली ती फळीवर अंथरलेली एक पातळ गादी आणि तिच्यावर टाचलेले त्याच्या नावाचे कार्ड. निरोप द्यायला आलेले स्नेही त्या खोलीत एका वेळी मावेनात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने मात्र, काय सुरेख सोय आहे, असेच तोंड केले. स्नेह्याचे नवे घर पाहायला गेल्यावर आपण निराळे काय करतो?

पुढे बोटी वाढल्या, केबिनी वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर वर्गही वाढले. बोटीवरचा पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि तळातला स्वस्त वर्ग यांच्यामध्ये दारे होती, पण ती एकाच बाजूने उघडत. वरच्याने खाली यावे. खालच्याने वर जाऊ नये. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७९ साली ग्लासगोहून ‘डेव्होनिया’ बोटीने न्यूयॉर्कला निघाला तेव्हा त्याने दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढले. तळातल्या वर्गाचे भाडे सहा गिनी, दुसऱ्याचे आठ. दोन गिनींच्या या फरकात त्याला अंथरूण, जेवणाची भांडी आणि लिहायला एक टेबल मिळाले. याशिवाय एक मौजेची गोष्ट मिळाली. दारांवरच्या पितळी पाट्यांप्रमाणे तळातल्या वर्गात नुसते ‘पुरुष’ आणि ‘बायका’ होत्या. दुसऱ्या वर्गात ‘सद्‌गृहस्थ’ आणि ‘स्त्रीजन’ होते. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडच्या माणसाचे ओकणे आणि मुलांचे रडणे अलीकडे ऐकू यावे. पण पाटी ती पाटी.

स्टीव्हन्सन या तळातल्या लोकांतच मिसळला. एके दिवशी पहिल्या वर्गातला एक गृहस्थ दोन तरुणींना घेऊन खालची गंमत पाहायला आला. त्या मुली कौतुकाने हसत, कपडे सावरत, माणसांमधून वाट काढत गेल्या. त्या वेळी खाली बसलेल्यांच्या मनात काय झाले ते त्याने लिहून ठेवले आहे. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी अपमानाचा शब्द काढला नव्हता. फक्त बोलावल्यावाचून पाहिले होते. ते त्याला इतके झोंबले की त्या प्रवासाच्या पुस्तकात या लहानशा प्रसंगाला त्याने जागा दिली. खरे सांगायचे तर, मुलांची सहल घेऊन एखादी वस्ती ‘दाखवायला’ निघताना शिक्षकाने हा प्रसंग आठवावा असे मला वाटते.

दारे संकोचानेही बंद राहत. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने अठरा वर्षांचे मोहनदास गांधी विलायतेला निघाले. त्यांच्याच केबिनीत जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. चांगले जाणते, माणसांत रमणारे. गांधींना काट्याचमच्याची सवय नव्हती, पदार्थात मांस आहे की नाही हे विचारण्याचे धैर्य नव्हते, आणि इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत समोरचा निघून जाई. म्हणून ते टेबलावर जेवायला गेलेच नाहीत. बरोबर नेलेली मिठाई आणि फळे केबिनीतच खात राहिले. मजमुदार त्यांना परोपरीने सांगत, बाहेर ये, लोकांशी बोल, वकिलाची जीभ चालली पाहिजे. ही हकीकत ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी मोकळेपणाने दिली आहे. पुढे ज्या माणसाच्या दाराला कधी कडी म्हणून राहिली नाही, तो एकेकाळी केबिनीचे दार लावून लाडू खात बसला होता, हे चित्र मला फार जवळचे वाटते.

आता थोडे मागे, १८६७ सालात जायचे आहे, कारण उतारूंनीच आपसात जमून काढलेल्या सहलीची खरी गोष्ट तिथे आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून दोन वर्षे झाली होती. युद्धात आरमाराकडे असलेली ‘क्वेकर सिटी’ नावाची चाकांची लाकडी आगबोट मोकळी झाली होती. ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चच्या मंडळींमध्ये बेत निघाला की या बोटीने युरोप आणि पवित्र भूमी यांची यात्रा करावी. कप्तान होता चार्ल्स डंकन. जाहिरातीत मोठमोठी नावे होती. त्या चर्चचे प्रख्यात धर्मोपदेशक बीचर येणार, सेनापती शर्मन येणार. दोघेही आले नाहीत. कोणत्याही सहलीच्या पत्रकातली पहिली दोन नावे ऐनवेळी गळतात, हा आमच्या शाळेतलाही अनुभव आहे.

भाडे १,२५० डॉलर. प्रत्येक मोठ्या माणसाला सारखेच. अर्जांची छाननी करायला समिती होती. खोल्यांची आणि जेवणाच्या टेबलावरच्या जागांची निवड मात्र पैशावर नव्हती. ज्याने आधी नाव नोंदवले त्याने आधी निवडावे, एवढाच नियम. म्हणजे बोटीवर वर्गच नव्हते. ही एक साधी गोष्ट पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ आहे. बोट ८ जून १८६७ ला न्यूयॉर्कचा धक्का सोडून निघाली, वादळामुळे बंदराच्या तोंडाशीच दोन दिवस अडकली, आणि १९ नोव्हेंबरला परत आली.

उतारू पासष्टसत्तर. बहुतेक चाळिशीच्या पुढचे, पोक्त आणि भाविक. त्यांच्यात एकतीस वर्षांचा एक वार्ताहर होता. त्याचे भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पत्राने भरले होते आणि त्याबदली त्याने तिकडे पत्रे लिहायची होती. सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजे मार्क ट्वेन. त्याच्या केबिनीत दोन झोपायच्या फळ्या, एक अंधारी काच, तोंड धुवायचे भांडे आणि गादी घातलेली एक लांब पेटी होती. तीच बसायचा कोच आणि तेच सामानाचे कपाट. इतके असूनही आत माणसाला वळता येत होते, असे त्याने मोठ्या समाधानाने नोंदले आहे. खोलीतला सोबती डॅन स्लोट हा तंबाखूचा शौकीन. रात्री या खोलीत धूर आणि गप्पा रंगत, आणि प्रार्थनावाली मंडळी नाक मुरडत.

बोटीवरचे सामाजिक कार्यक्रम रीतसर आखलेले होते. संध्याकाळी मागच्या दालनात प्रार्थना. तिथेच नंतर झुलत्या दिव्यांखाली वीसतीस स्त्रीपुरुष दोनदोन तास रोजनिशी लिहीत बसत. वरच्या डेकवर नाच होई; साथीला दम्याने बेजार झालेली एक पेटी असे, आणि बोट उजवीकडे कलली की नाचणाऱ्यांची सारी फळी उजव्या कठड्याकडे धावत जाई, डावीकडे कलली की डाव्या. एकदा खोटा खटला उभा केला. दहा नंबरच्या केबिनीतून ओव्हरकोट चोरल्याचा आरोप बोटीच्या खजिनदारावर ठेवला आणि न्यायाधीश, वकील, पंच, साक्षीदार सगळे उतारूच झाले. सहलीबरोबर आलेल्या छायाचित्रकाराने जादूच्या दिव्याचा खेळ जाहीर केला: शेवटी आपण सारे कुठे पोचणार आहोत ते उतारूंना दाखवू, अशी त्याची जाहिरात. पडद्यावर पहिले चित्र उमटले ते ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीचे!

२६ ऑगस्टला याल्टा येथे या मंडळींना रशियाचा बादशहा दुसरा अलेक्झांडर याने भेट दिली. उतारूंनी मानपत्र वाचले. मग बादशहा आणि त्याचे कुटुंब यांनी स्वतः बरोबर येऊन आपला राजवाडा या पाहुण्यांना खोलीखोलीने दाखवला. ट्वेनला याचेच नवल वाटले. राजवाडे दाखवणारे नोकर पुष्कळ पाहिले होते. घर दाखवणारा घरधनी, आणि तोही बादशहा, हे नवे होते. पुढे कित्येक दिवस बोटीवरचे खलाशी त्या मानपत्राची नक्कल करून हसत होते, ते निराळे.

यानंतर दहा दिवसांनी बोट स्मर्नाच्या उपसागरात आली. उतारूंत एल्मायरा गावच्या कोळशाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा अठरा वर्षांचा मुलगा होता, चार्ल्स लँग्डन. हा ट्वेनच्या मागेमागे असे. एके दिवशी त्याने ट्वेनला आपल्या केबिनीत नेले आणि हस्तिदंतावर रंगवलेले एक लहानसे चित्र दाखवले. ते त्याच्या बहिणीचे, ऑलिव्हियाचे. ट्वेनने पुन:पुन्हा जाऊन ते चित्र पाहिले. ही आठवण त्याने उतारवयात सांगितली आहे, आणि म्हाताऱ्या कादंबरीकाराच्या आठवणीवर किती भरवसा ठेवावा यावर पंडितांत वाद आहे. मीही कादंबऱ्या लिहितो, तेव्हा या वादात माझे मत न घेतलेले बरे. पण परत आल्यावर काय झाले त्याला कागदोपत्री आधार आहे.

परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी ट्वेनचे एक जळजळीत पत्र न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आले. त्यात त्याने सबंध सहलीला प्रेतयात्रेची उपमा दिली. समितीने केलेली निवड, प्रार्थना, मानपत्रे, नाच, यातून त्याला सोबत अशी मिळालीच नव्हती. सोबत मिळाली ती मोजक्या दारांआड. स्लोटच्या धुरात मिळाली. क्लीव्हलँडच्या मेरी फेअरबँक्स या बाईंच्या बैठकीत मिळाली. त्या त्याची पत्रे ऐकत, चुका काढत, आणि हा त्यांना आई म्हणे. त्यांनी नापसंत केलेली पाने त्याने समुद्रात टाकली, असे एका सहप्रवाशाने सांगितले आहे. शाळामास्तरीण मिळावी तर अशी. आणि सोबत मिळाली त्या मुलाच्या केबिनीत.

डिसेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये लँग्डन कुटुंबाशी त्याची भेट झाली. त्यांच्याबरोबर तो स्टाइनवे हॉलमध्ये एका प्रसिद्ध लेखकाचे वाचन ऐकायला गेला. तो लेखक म्हणजे दुसऱ्यांदा अमेरिकेत आलेला चार्ल्स डिकन्स, काळा मखमली कोट घालून, छातीवर लाल फूल लावून. ट्वेनचे लक्ष वाचनाकडे किती होते कोण जाणे; शेजारी ऑलिव्हिया बसली होती.

पुढच्या वर्षी तो एल्मायराला पाहुणा म्हणून गेला. मुक्काम संपत आला तेव्हा त्याने चार्ल्सजवळ मन मोकळे केले: मी तुझ्या बहिणीच्या प्रेमात पडलो आहे. ट्वेनच्या चरित्रात असे येते की ज्या मुलाने बोटीवर आपण होऊन केबिनीचे दार उघडले होते, त्याचा चेहरा उतरला, आणि अर्ध्या तासात एक गाडी सुटते आहे, रात्रीपर्यंत थांबू नकोस, असे त्याने पाहुण्याला सुचवले. ट्वेन काही लगेच निघाला नाही. रात्री तो घोडागाडीत बसला, तर मागची बैठक नीट बसवलेली नव्हती. घोड्याने हिसका दिला आणि पाहुणा रस्त्यावर उताणा पडला. लागले फारसे नव्हते. पण घरच्यांनी त्याला उचलून परत आत नेले, आणि त्यानेही बरे व्हायची घाई केली नाही.

ऑलिव्हियाने प्रथम नकारच दिला होता. लग्न झाले ते २ फेब्रुवारी १८७० रोजी, एल्मायरालाच, तिच्या घरात.