आष्टीचा क्रमांक
एका जेसन ॲरेत वर्धा जिल्ह्याचे ८ तालुके अकारविल्हे आहेत : आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, वर्धा, समुद्रपूर, सेलू, हिंगणघाट. जावात मोजणी ० पासून सुरू होते, त्यामुळे आष्टी १ वर येते आणि हिंगणघाट ७ वर. म्हणून ही नावे छापणाऱ्या ‘फॉर’ लूपची अट ‘आय (चालू क्रमांक) लांबीपेक्षा लहान’ अशीच हवी. ‘लहान किंवा समान’ लिहिले तरी प्रोग्रॅम कंपाइल होतो, आठही नावे छापतो आणि मग नसलेला ८ क्रमांक मागताना एक्सेप्शन देऊन थांबतो. ‘फॉर’च्या कंसातले तीन भाग अर्धविरामानेच तोडावेत, स्वल्पविराम चालत नाही. लांबी विचारताना जेसन ॲरेच्या ‘लेंग्थ’पुढे रिकामा कंस लागतो, जावाच्या साध्या ॲरेला लागत नाही. सगळ्यांत फसवी चूक म्हणजे ‘फॉर’चा कंस मिटल्यावर लगेच पडलेला अर्धविराम. लूप तिथेच संपतो, त्यात घोषित केलेला ‘आय’ही त्याच्याबरोबर जातो, आणि कंपाइलर बोट ठेवतो ते पुढच्या, निर्दोष ओळीवर : ‘आय’ सापडत नाही. नवशिक्याचा तासन्‌तास वेळ त्या ओळीत जातो. अशा वेळी आधी वरची ओळ पाहावी.