हलव्याला काटा आला का?

कार्तिक लागला की आमच्या घरी गुळाचा चहा सुरू व्हायचा. दूध वेगळं तापवून वरून घालायचं, नाहीतर फुटायचं. रेशनकार्डावरची साखर आई पितळी डब्यात भरायची आणि डब्याच्या कडीला दोरा बांधायची. तो दोरा थेट मार्गशीर्षात सुटायचा, संक्रांतीच्या हलव्यासाठी.

वर्षं साठच्या दशकातली. पुण्यातल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या. वडील छापखान्यात कंपोझिटर. आईच्या दोघी धाकट्या बहिणी मात्र भरल्या घरात पडलेल्या. एक लाकडाच्या वखारवाल्यांकडे, दुसरी दादरला इंजिनियरकडे. वर्षाला दोन मुंजी, एखादं लग्न, एखादं डोहाळजेवण ठरलेलं. आणि प्रत्येक कार्यात मांडवाच्या कोपऱ्यात आहेराची वही घेऊन बसलेला कुणीतरी. नाव, गाव, रक्कम. अकरा, एकवीस, एकावन्न. आलेला आहेर पुढे तेवढाच, वर थोडं घालून, परत करायचा. त्या वहीत बरोबरीच्या माणसांचं निभायचं. आमच्यासारख्यांना पाच रुपये लिहून घेताना आवाज खाली न्यावा लागायचा. आईला मी दोन कार्यं ‘बरं नाही’ म्हणून टाळताना पाहिलंय.

संक्रांतीचं तसं नव्हतं. या सणाचं देणं मुळात स्वयंपाकघरातलं आणि कुंभारवाड्यातलं. या सणात लुटणं म्हणजे वाटून टाकणं. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. आवा लुटायचा म्हणजे भट्टीतली मडकी घेऊन ती सवाष्णींना वाटायची. पुढे सुगडांच्या जागी फण्या, आरसे, कुंकवाचे करंडे आले, आणि माझ्या लहानपणी मावशीकडे स्टेनलेस स्टीलच्या वाट्या. आई वाण म्हणून कापसाची वस्त्रं द्यायची, हळदीकुंकवाची बोटं लावलेली, एकवीस मण्यांची. नाहीतर फुलवातींची पुडी. वस्त्रं कुणी बाजूला टाकत नसे. देवापुढे रोज लागतात, आणि आईच्या हातची वात शेवटपर्यंत सरळ जळते असं बायका म्हणायच्या.

पण तिचा खरा आहेर हलव्याच्या दागिन्यांचा. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि अंगभर पांढरे दागिने, बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी. हा पांढरेपणा साखरेच्या शुभ्रतेवर उभा आहे. जुन्या माणसांच्या तोंडी ‘मोरस साखर’ हा शब्द होता. मोरस म्हणजे मॉरिशस, तिथून बोटीनं आलेली पांढरी साखर. गूळ घरचा आणि साखर परदेशची, असा तो फरक. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली. १९५० मध्ये प्रवरा परिसरात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखाना सुरू झाला. नगर जिल्ह्यात उसाचे मळे वाढले, तरी आमच्या घरची साखर कार्डावरचीच होती. म्हणून तो दोरा.

हलवा करताना मी आईच्या शेजारी बसलेली आहे, तेव्हा हे ऐकीव नाही. साखरेत पाणी घालून उकळी आली की चमचाभर दूध घालायचं. मळी वर येते, ती काढून टाकायची. पाक एकतारीच हवा. घट्ट झाला तर दाणे एकमेकांना चिकटतात, पातळ राहिला तर खसखस भिजून लगदा होतो. शेगडीत कोळशावर राख पसरून आच मंद करायची आणि त्यावर परात. परातीत मूठभर खसखस. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, दाणा सुका होईपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. दिवसाला तीन-चार तास, असे पंधरा-वीस दिवस. खसखशीचा बारीक हलवा नथीला आणि मंगळसूत्राला, साबुदाण्याचा मोठा बाजूबंदाला आणि कंबरपट्ट्याला, लवंगेचा लांबट मधल्या पदकांना. आच वाढली की दाणा पिवळा पडतो. बोट जोरात फिरलं की दाण्यावर आलेला काटा मोडतो. कोरडी थंडी हवी. आभाळ आलं की आई परात उतरवून झाकून ठेवायची, आणि शेजारच्या काकू जिन्यावरून विचारायच्या, “काटा आला का गं?”

तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं पौषात कायम लाल असत. मला तो हलवा कधी नुसता गोड लागला नाही.

१९६७ च्या संक्रांतीला वखारवाल्या मावशीच्या घरी नवी सून होती. मावशी डिसेंबरात स्वतः आली, आमच्या दोन खोल्यांत, सतरंजीवर बसली. “ताई, सुनेचा पहिला सण आहे. दागिने तुझ्याच हातचे हवेत.” त्या घरात स्वयंपाकाला दोन बायका होत्या, चांदीची ताटं होती. वीस दिवस परातीशी बसणारं मात्र कुणी नव्हतं, आणि तेव्हा असे दागिने दुकानात टांगलेले नसत. माझ्या आठवणीत मावशी आमच्याकडे काही मागायला आली ती ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या गड्यानं पाच किलो साखर आणून दिली. आई बराच वेळ त्या पिशवीकडे पाहत उभी होती. परत पाठवली तर बहीण दुखावणार, ठेवून घेतली तर आहेर तिच्याच साखरेचा होणार. शेवटी तिनं तीच साखर वापरली. पण खसखस, बेगड, पुठ्ठा, रेशमी दोरा यांतलं काहीही तिकडून घेतलं नाही. आमची डब्यातली साखर त्या वर्षी पौषातच चहात पडली.

दागिने झाले: चिंचपेटी, तन्मणी, नथ, बिंदी, बाजूबंद, तोडे, कंबरपट्टा. मावशीच्या मुलासाठी हार आणि हलव्यानं मढवलेला नारळ. खोक्यात कापूस घालून वडील आणि मी ते टांग्यानं घेऊन गेलो, धक्का लागू नये म्हणून खोकं माझ्या मांडीवर. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी आधी सून पाहिली आणि मग “हे कुणी केले?” असं विचारलं. आई मागच्या खोलीत होती. मावशीनं तिला हाताला धरून बाहेर आणलं.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं तिनं नात्यातल्या प्रत्येक सुनेचे दागिने केले. कुणी तिचे पैसे मोजायला काढले नाहीत, आणि तिच्या आहेराला कमी-जास्त म्हणण्याचं धाडसही कुणाला झालं नाही. मग तुळशीबागेत आणि दादरला तयार संच येऊ लागले. खोक्यावर किंमत लिहिलेली असे. एका भाचेसुनेच्या वेळी कुणीतरी सहज म्हणालं, “एवढे कष्ट कशाला, बाहेर मिळतात की आता.” ते काळजीनंच म्हटलं होतं. पण किंमत कळली त्या दिवसापासून आईचे दागिने त्या खोक्याशेजारी ठेवले जाऊ लागले, आणि दोन वर्षांत तिनं परात माळ्यावर टाकली. त्या दुकानांतले दागिनेही कुणा बाईच्या बोटांतूनच येतात, हे मला ठाऊक आहे. तिचं नाव मात्र हळदीकुंकवात कुणी विचारत नाही.

मावशी गेल्यावर तिच्या कपाटातल्या वह्या माझ्याकडे आल्या. ती सगळं देणंघेणं लिहून ठेवायची, सणांचंसुद्धा. १९६७ च्या पानावर स्टीलचा डबा, खण, रोख एकवीस, रोख एकावन्न. मग ‘ताई’. पुढे ‘हलव्याचे दागिने, पूर्ण, मुलाचे धरून’. रकमेच्या रकान्यात आडवी रेघ. आणि खाली, वेगळ्या शाईनं, ‘साखर परत आली, पाऊण किलो’.