खिशातला संगणक आणि रत्नागिरीची वेळ

भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरून ठरते. रत्नागिरी ७३ अंश १८ मिनिटांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली, तर तेथील स्थानिक वेळ किती मागे? या उदाहरणात मुले अडतात ती गुणाकारापाशी नव्हे. अंशाची मिनिटे साठ आणि दशांश मात्र दहाचे, तेथे.

१९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ यांनी बेसिक ही संगणकभाषा तयार केली. विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा हेतू. म्हणून 'लेट', 'प्रिंट', 'गो टू' अशा साध्या आज्ञा. तेव्हा त्या मोठ्या यंत्राला दिल्या जात. १९८० मध्ये जपानच्या शार्प कंपनीचा पीसी-१२११ आला आणि बेसिक खिशात मावली. पडदा एका ओळीचा, २४ अक्षरांचा. आज्ञावलीसाठी जागा अवघ्या १४२४ पायऱ्यांची. तरीही त्यात 'डेग' हे फल होते. अंशांपुढे टिंब देऊन मिनिटे लिहिली, की ते त्यांचे दशांश अंश करी.

(८२.५ − डेग ७३.१८) × ४ याचे उत्तर ३६.८, म्हणजे ३६ मिनिटे ४८ सेकंद. 'डेग' राहून गेले, तर ३७.२८ येते. यंत्र तक्रार करत नाही; त्याच्या लेखी दोन्ही उत्तरे बरोबरच. सुमारे अर्ध्या मिनिटाची ही चूक ७३.१८ चा अर्थ जाणणाऱ्यालाच सापडते.

आपल्या गावाचा रेखांश घेऊन विद्यार्थ्यांकडून दोन्ही उत्तरे काढून घ्या. फरक कोठून आला, ते त्यांनाच सांगू द्या.